ऐकून ठेवलेली माणसं

रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागलं की थोड्या वेळाने कातळाचा सडा, उघडं पठार, सुरू होतो. त्या सड्याखाली, समुद्राकडच्या उतारावर, नागवेकरांची दीडशे कलमं आहेत. सुजय नागवेकरने त्या कलमांत चार भोंगे बांधले तो मंगळवार होता. कैऱ्या लिंबाएवढ्या झाल्या होत्या आणि ऊन नऊ वाजताच पाठीला बोचत होतं. शिडी धरून खाली उभा होता भागोजी. तो देवरूखाकडच्या डोंगरातला. अठरा वर्षं दर हंगामात तो याच बागेत राखणीला यायचा आणि पाऊस लागला की भातलावणीला परत जायचा.

सुजय चव्वेचाळीस वर्षांचा. दक्षिणेतल्या एका शहरात, माकडांच्या मेंदूवर काम करणाऱ्या संस्थेत त्याने चौदा वर्षं काढली. संस्थेने तो विभाग बंद केला आणि साहेब दोन वर्षांपूर्वी गावाला आले. माकडांबद्दल त्याच्याएवढी माहिती रत्नागिरी तालुक्यात कुणाला नसेल. राग मात्र सगळ्या बागायतदारांना असतो तेवढाच त्यालाही होता. माकड एक कैरी खातं आणि दहा चावून टाकतं. खाल्लेल्याचं दुःख नसतं, टाकलेल्याचं असतं.

भोंग्यांतून वाजणार होता त्याच्या आईचा आवाज.

सावित्रीबाईंची हाक म्हणजे त्या पट्ट्यातली एक वस्तूच होती. तरुणपणी त्या सड्यावर उभ्या राहून कुकारा घालायच्या, "कूऽऽ" असा लांबलचक, तेव्हा खाडीतल्या होडीवरचा माणूस मान वर करायचा. नऊ वर्षांपूर्वी काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. बाई रडल्या नाहीत. उलट कान असे तयार केले की माणसाने पाखाडीच्या वरच्या पायरीवर खाकरावं आणि यांनी पडवीतून त्याचं नाव घेऊन चहा ठेवायला सांगावं. वीस वर्षांपूर्वी गाव सोडून गेलेला एक खलाशी परवा दारात येऊन नुसता "काकू" म्हणाला, तर त्याला त्याच्या बापाच्या नावासकट ओळखलं. "मी आंधळी झाले, एकटी नाय झाले," असं त्या म्हणत. डोळे गेलेल्या माणसाचं सगळं गणगोत कानात राहतं, हे सुजयला कळत होतं. ते किती खरं आहे हे मात्र अजून कळायचं होतं.

आदल्या आठवड्यात त्याने त्यांचे कुकारे, हाकारे, डबा बडवण्याचे आवाज असं सगळं भरून घेतलं. मग म्हणाला, "आई, आता मला जेवायला बोलावतेस तशी हाक दे. तुझा आवाज त्यातच सगळ्यात चढतो."

"ती नाय देणार. बागेत नाव घेऊन हाक मारायची नसते."

"का?"

"का म्हणजे? आपण हाक मारतो एकाला. ऐकणारी कितीजणं असतात ते दिसतं काय?"

भागोजीनेही मान हलवली. "राखणीला नाव नाय घ्यायचं, सायेब. आमच्याकडं पन तसंच. नुस्ता कुकारा घालायचा. ज्याला कळायचं त्याला कळतंय."

राखणीचा हा रिवाज त्या भागात सगळे पाळतात. भावाभावांतही बागेत कधी नावाने हाक जात नाही. सुजय हसला, आणि शिकलेला माणूस हसतो तेव्हा दोन शब्द शिकवल्याशिवाय राहत नाही. त्याने भागोजीला जवळ बसवून समजावलं की माकड पाहिलेलं वर्षभर विसरत नाही, पण ऐकलेलं त्याच्याजवळ मिनिटभरही टिकत नाही. आपल्या जातीचे चार-दोन इशारे कळतात, तेवढेच. कानशिलाच्या आत जिथे आवाज पोचतो, तिथून आठवणीच्या जागेकडे आणि कपाळामागे तंतूंची एक जुडी जाते. माणसात ती सुंभासारखी जाड असते. माकडात दोऱ्याएवढी. म्हणून माणूस आवाज ऐकून ठेवतो, शब्द ठेवतो, भाषा करतो. माकडाला रोजचा आवाज रोज नवा.

"म्हणून त्यांना रोज नव्याने भीती वाटणार," तो म्हणाला. "नाव घ्या नाहीतर गाव घ्या."

"तुमाला हे कसं म्हाईत?" भागोजीने विचारलं.

"बघितलंय. जुडी कापूनसुद्धा बघितलंय. अकरा माकडांची."

आतून सावित्रीबाई बोलल्या. "होता तो दोरा, तो पन कापलास?"

सुजयने ते ऐकून घेतलं. पण हट्ट सोडला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आईने घरापुढच्या खळ्यात उभं राहून नेहमीसारखी हाक दिली, "सुजऽऽय, ये रे घरीऽऽ", तेव्हा त्याच्या खिशातला फोन ती भरून घेत होता. घरच्या खळ्यातली हाक चोरून त्याने बागेत नेली. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते काही वेगळं नसतं.

बारा दिवस सगळं झकास चाललं. भोंगा वाजला की पानं सळसळायची आणि अख्खा कळप बागेच्या दगडी गडग्यावरून पलीकडच्या रानात. शेजारचे दोन बागायतदार येऊन भोंग्याचं दुकान विचारून गेले.

तेराव्या दिवशी सकाळी भागोजी मांगरातून, राखणीच्या खोपटातून, वर आला. टोपी हातात होती.

"माकडं पळत नायत, सायेब."

"खातायत?"

"खात पन नायत. ऐकत बसल्यात."

सुजय खाली गेला. गडग्यावर बावीस माकडं ओळीने बसली होती. कुणी खाजवत नव्हतं, कुणी उवा काढत नव्हतं, पिल्लं आयांच्या पोटाशी गप्प होती. सगळ्यांची तोंडं भोंग्याकडे. कुकारा वाजला, हलली नाहीत. डबा वाजला, हलली नाहीत. मग "सुजऽऽय, ये रे घरीऽऽ" वाजलं आणि एक थोराड नर गडग्यावरून उतरला, कलमांमधल्या वाटेने सरळ घराच्या दिशेने चालत आला, आणि जिथे बाग संपून खळं सुरू होतं तिथे बसला. हाक थांबली तसा परत गेला. दहा मिनिटांनी हाक पुन्हा वाजली. तोच नर उतरला, त्याच वाटेने आला, त्याच जागी बसला.

दुसरा एखादा माणूस घाबरला असता. सुजयला आनंद झाला. तोही असा की पाखाडी चढताना त्याला धाप लागली ती आनंदाने. चौदा वर्षं त्याने आणि त्याच्यासारख्या चाळीस जणांनी लिहून ठेवलं होतं की हे होत नाही, आणि ते त्याच्या बागेत होत होतं. संस्थेने त्याला घरी बसवलं होतं. आता संस्था त्याच्या दारात आली असती.

त्याने वही काढली. आवाज एकदा ऐकवायचा, चार दिवस गप्प राहायचं, मग तोच आवाज दहा परक्या आवाजांत मिसळून पुन्हा ऐकवायचा. ओळखतात का बघायचं. परके आवाज त्याने कुठून कुठून जमवले. ओळखायच्या आवाजासाठी त्याला स्वच्छ, एकाच माणसाचं बोलणं हवं होतं. धाकटी बहीण अक्षया ठाण्याला असते. ती त्याला रोज फोनवर निरोप बोलून पाठवते. त्यातला एक त्याने घेतला.

चार दिवसांनी परक्या आवाजांना माकडांनी कानही दिला नाही. अक्षयाचा आवाज आला तशा बावीस माना एकदम वळल्या. सुजयने वहीत बरोबरची खूण केली आणि तिच्याखाली दोन रेघा ओढल्या.

त्याच रविवारी अक्षयाने नेहमीप्रमाणे आईला फोन केला. सावित्रीबाईंनी तो कानाला लावला, ऐकला, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"कोण बाई तुम्ही?"

"अगं, अक्षया."

"अक्षयाचा आवाज मला ठाऊक हाय. तुम्ही कोण ते सांगा."

अक्षयाला थट्टा वाटली. मग वाटेना. तिने रडायचं तेवढं फोनवर रडून घेतलं आणि मंगळवारच्या गाडीने ती येऊन दारात उभी राहिली. आईने तिला जवळ बसवलं, तिच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले, नाकातली चमकी चाचपली, हनुवटीवरचा लहानपणचा व्रण बोटाने शोधला.

"बोल," म्हणाल्या.

"आई, मी आहे गं."

सावित्रीबाईंनी हात झटकन मागे घेतले. "तोंड अक्षयाचं हाय. आत कोण बोलतंय?"

दोन दिवस अक्षया त्या घरात तोंड न उघडता वावरली, कारण बोललं की आई तिला हाकलायची. तिसऱ्या दिवशी जाताना तिने खळ्यातच सुजयला गाठलं. "तू काय केलंस ते मला माहीत नाही. पण काहीतरी केलंयस. लहानपणापासून तुला प्रत्येक गोष्ट उघडून बघायची असते." तिने त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्याला राग आला, आणि तो राग त्याला बरा वाटला. अपराध्यासारखं वाटण्यापेक्षा राग केव्हाही सोपा.

राग होता म्हणूनच असेल, त्याने पुढची चाचणी थांबवली नाही. या वेळी आवाज भागोजीचा होता. चार दिवस गेले. बावीस माना वळल्या.

पाचव्या दिवशी सकाळी भागोजी अठरा वर्षांच्या सवयीने मागच्या दाराने आत आला आणि म्हणाला, "वैनीनू, च्या हाय काय?" सावित्रीबाईंनी चुलीजवळचं लाकूड उचललं आणि आवाजाच्या रोखाने हाणलं. ते त्याच्या मनगटावर बसलं. "चोर! घरात चोर शिरलाय! भागोजी, अरे भागोजी, धाव!"

भागोजी समोर उभा राहून स्वतःच्याच नावाची हाक ऐकत होता. मनगट सुजलं होतं. त्याने दुपारपर्यंत कपड्यांची पिशवी बांधली.

"हंगाम मधेच सोडून जातोस?" सुजयने विचारलं.

"म्हातारीनं मारलं त्याचं काय नाय," भागोजी म्हणाला. "पन मी आता खाली गेलो वतो, मांगरात, सामान घ्यायला. तिथं कुनी नव्हतं. आनि सायेब, मना माझा खोकला ऐकू आला. मी खोकलो नव्हतो." त्याने पिशवी खांद्याला मारली. "नाव घेतलंत बागेत."

सुजयने आईला कोल्हापूरला नेऊन मेंदूचं चित्र काढून घेतलं. तिथे त्याचा जुना मित्र विनीत होता. मार नाही, गाठ नाही, रक्तस्राव नाही. संध्याकाळी विनीतने तंतूंचं वेगळं चित्र फोनवर पाठवलं आणि लगोलग फोनही केला.

"सुजय, फायलींची अदलाबदल झाली असेल तर आताच सांग."

"कसली अदलाबदल?"

"हे चित्र तुझ्या जुन्या कामातलं नाही ना? कानाकडून निघणारी जुडी बघ. दोरा आहे नुसता. कापल्याची खूण नाही, सुकल्याची नाही. जन्मतःच एवढी असावी तशी." विनीतने आवाज उतरवला. "हे माणसाचं आहे ना रे?"

सुजयने चित्र मोठं करून पाहिलं. त्याला ते ओळखायला वेळ लागला नाही. असली चित्रं त्याने चौदा वर्षं पाहिली होती.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर त्याने वही उघडली, कारण रात्री उघडायचा धीर झाला नाही. तारखा समोर होत्या. अक्षयाचा आवाज माकडांनी ओळखला तो शनिवार. आईने फोनवर विचारलं तो रविवार. भागोजीचा आवाज ओळखला तो बुधवार. लाकूड बसलं तो गुरुवार. मधे एका चाचणीत त्याने मासेवाल्या चिमाचा आवाज घातला होता. चिमा त्याच आठवड्यापासून दारात येईनाशी झाली होती. तिला काय ऐकावं लागलं ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तिकडे एकेक आवाज ठेवला जात होता. इकडून एकेक उचलला जात होता.

सकाळी सातला त्याने शिडी घेतली आणि चारही भोंगे उतरवले. वायर उपटली. यंत्रातलं सगळं पुसलं. माकडं गडग्यावर बसून बघत होती. एकही ओरडलं नाही.

एक समाधान त्याच्याजवळ होतं. स्वतःचा आवाज त्याने एकाही चाचणीत घातला नव्हता. आई अजून त्याला ओळखत होती. आता ती फक्त त्यालाच ओळखत होती. पाखाडीवरून येणारी शेजारीण, रेशनवाला, पोस्टमन, सगळे तिच्या लेखी परके झाले होते. कारण त्या महिनाभरात, चाचणी चालू असताना बागेजवळ जो जो बोलला त्याचा आवाज गेला होता, मुद्दाम घातलेला असो वा नसो. सावित्रीबाई पडवीतल्या बाकावर बसून एकच सांगत.

"सुजय, तू बोलत राहा. तू गप्प झालास की मी खऱ्या काळोखात जाते."

आणि तो बोलत राही. भाजी चिरताना, पाणी भरताना, अंघोळीला जातानासुद्धा दारातून. लहानपणच्या गोष्टी, समुद्राचा रंग, कावळा कुठे बसलाय ते. आईवर त्याचं इतकं प्रेम आहे हे त्याला तोवर माहीत नव्हतं. तिने त्याला विसरू नये एवढंच त्याला आता या जगात हवं होतं, आणि हे तो तिलाही सांगून गेला. ती नुसती हसली आणि म्हणाली, "वेडा. तुला कशी विसरेन?"

पाण्याची कळशी उतरवताना त्याला ते आठवलं. हातातली कळशी त्याने सावकाश खाली ठेवली.

प्रत्येक चाचणीच्या सुरुवातीला, संस्थेतल्या सवयीप्रमाणे, तो क्रमांक बोलून ठेवायचा. "चाचणी तीन, आवाज पहिला." "चाचणी तीन, आवाज दुसरा." प्रत्येक आवाजाच्या आधी, प्रत्येक वेळी, चारही भोंग्यांतून. महिनाभर. त्या बागेत सगळ्यात जास्त कुणाचा आवाज वाजला असेल तर तो त्याचाच.

मग आपण अजून कसे उरलो? त्याला कळेना. आईची मूठ आपल्यावर जास्त घट्ट असेल, एवढंच त्याला वाटलं. मूठ किती दिवस घट्ट राहते, कोण सांगणार?

ठाण्याला न्यायचं ठरलं. इथून दूर. अक्षया बोलायला तयार नव्हती, पण "आण तिला" एवढं तिने लिहून पाठवलं. दुपारी दोनची गाडी होती. बॅगा भरून झाल्या. भात उतरवून झाला. घरात सकाळपासून फोन लागत नव्हता. रिक्षावाल्याला बोलवायला पाखाडी चढून सड्यावर जावं लागणार होतं.

"आई, मी वर जाऊन फोन करून येतो. वीस मिनिटं."

"बोलत जा."

तो बोलत गेला. पहिल्या वळणापर्यंत तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, पायऱ्या मोजत. नंतर धाप लागली तसा गप्प झाला.

सड्यावर साडेबाराचं ऊन होतं. कातळ तापून पांढरा दिसत होता. रिक्षावाला येतो म्हणाला. परतताना सुजयने सवयीने खाली बागेकडे पाहिलं आणि थांबला.

गडगा रिकामा होता.

कलमांवर एकही माकड नव्हतं. एकाही कैरीला दात लागलेला नव्हता. हाताशी येतील अशा लोंबत होत्या. किती दिवसांनी बाग अशी दिसत होती. क्षणभर त्याला बरंच वाटलं. खोटं कशाला सांगा, आपण जिंकलो असंही वाटलं.

मग तो धावत सुटला.

दाराला आतून कडी होती. आई दिवसा कधी कडी लावत नसे.

आतून तिचा आवाज येत होता. मोकळा, वरच्या पट्टीतला. असा आवाज त्याने महिन्याभरात ऐकला नव्हता.

"अक्षया, सरक बाय थोडी. भागोजी, तू उभा का? बस की पाटावर. आज किती दिवसांनी सगळी जमली."

त्याने खिडकीच्या गजांना तोंड लावलं. उन्हातून आल्यामुळे आत आधी काही दिसेना.

मग दिसलं.

माजघरात भिंतीला लागून ओळीने बसली होती. बावीस. मांडीवर हात. समोर घरातली सगळी ताटं, ताटं संपली तिथे झाकण्या. आई वाकून वाकून वाढत होती, बोटाने ताटाची कड चाचपत. भाताला कुणी हात लावत नव्हतं. वाढून होईपर्यंत थांबली होती.

थोराड नर तिच्या अगदी जवळ होता. ती वाकली की तोही वाकायचा. त्याचं तोंड तिच्या कानाशी होतं आणि ओठ हलत होते. सुजयला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. आईला येत होतं. ती मान डोलावत होती. "व्हय रे, घालते मीठ," म्हणत होती.

"आई!"

बावीस तोंडं खिडकीकडे वळली.

आई ताठ झाली. तिने मान हलकीशी कलती केली. अनोळखी आवाज तोलताना ती तसं करायची.

"बाहेर माकड आलंय वाटतं," ती म्हणाली. "ऐक कसं ओरडतंय."

"आई, मी सुजय! मी सुजय गं! दार उघड!"

"काय कर्कश गं बाई. हाकल रे त्याला, सुजय."

नराने टोपलीतली कैरी उचलली. नीट नेम धरून, गजांमधून. ती सुजयच्या भुवईवर बसली आणि डोळ्यात रक्त उतरलं. तरी तो ओरडत राहिला. आजोबांचं नाव सांगितलं. तिच्या उशीखालच्या किल्लीचं सांगितलं. चौथीत असताना विहिरीत पडलो होतो आणि तू लुगड्यानिशी उडी टाकली होतीस, ते सांगितलं. गज हलवले.

आई चाचपत खिडकीशी आली. तिचा चेहरा त्याच्यापासून वीतभर होता. त्याने गजांतून तिचा हात धरला. तिच्या चेहऱ्यावर नुसती किळस होती. तिने हात हिसकावून पदराला पुसला आणि खिडकीची झडप ओढून लावली.

खळ्यात ऊन होतं. वर पाखाडीवर रिक्षाचा हॉर्न दोनदा वाजला आणि थांबला. सुजय भिंतीला टेकून खाली बसला. हाक मारायला तोंड उघडलं, पण मारली नाही. आपली हाक आतमध्ये कशी ऐकू जाते ते त्याला आता ठाऊक होतं.

आत ताटांवर बोटं फिरल्याचे आवाज आले. जेवणं सुरू झाली होती. कुणीतरी काहीतरी बोललं असावं, कारण आई मनापासून हसली.

"जेवताना हसवू नको रे, सुजय," ती म्हणाली. "ठसका लागेल तुला."

ठसका लागला. दोनदा, आणि मग एक लांब. पुरुषाचा.

मग पाठीवर हळूहळू थोपटल्याचा आवाज येत राहिला.